बाल्कनीतील धातुकामाचे टेबल : सहा वर्षांच्या खरेदीचा आढावा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला मागच्या बाजूस चार फूट रुंद आणि नऊ फूट लांब अशी कोरडी बाल्कनी आहे. 2019 च्या दिवाळीपर्यंत तिथे कपडे वाळत आणि रद्दी साठत असे. आता तिथे तांब्या-पितळेचे लहानसहान काम करायचे टेबल आहे. काम तरी केवढे? तांब्याच्या पत्र्याची कर्णफुले, पितळी कड्या आणि बिजागऱ्या, चांदीच्या तारेच्या साखळ्या, आणि ओळखीच्या घरांतून येणाऱ्या, दांडी निखळलेल्या समया आणि निरांजने. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते; धातुकामाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, आणि हत्यारेही एकदम घेतली नाहीत. पगारातून उरेल तसे, महिन्या-दोन महिन्यांनी एखादे, अशा चालीने ही मांडामांड झाली. त्यातील काही हत्यारे रोज हातात असतात, काही देऊन टाकली आणि काहींकडे पाहिले की अजून स्वतःचाच राग येतो. ज्यांना घरात असे टेबल उभे करायचे आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे. किमती मी त्या त्या वेळी मोजलेल्या आहेत. आज त्या बदललेल्या असणार.

सुरुवात मी चुकीची केली. ‘संपूर्ण ज्वेलरी टूल किट’ असे भारदस्त नाव असलेली प्लॅस्टिकची पेटी ऑनलाइन पाहिली आणि 1,850 रुपयांना मागवली. तीत चाळीस नग होते. पकडींचे जबडे एकमेकांवर नीट बसत नव्हते. उजेडासमोर धरल्यावर टोकाशी चक्क फट दिसे. छोट्या हातोडीचे डोके तिसऱ्या दिवशी दांड्यावर फिरू लागले, आणि कानशींवर चकाकी भरपूर असली तरी त्या पितळेवरून नुसत्या घसरत. त्या चाळिसांपैकी आज सहा इंची स्टीलची पट्टी आणि एक चिमटा एवढेच वापरात उरले आहे, म्हणजे नगाला 925 रुपये पडले.

त्या पेटीतील करवत मी अभ्यासाच्या टेबलावर चालवून पाहिली होती, आणि प्रत्येक ओढीबरोबर टेबल केसभर मागे-पुढे होत होते. हाताचा जोर पत्र्यात जाण्याऐवजी टेबल हलवण्यात जात होता, पाते तिरके होऊन तुटत होते आणि मी करवतीला बोल लावत होते. करवत वाईट होतीच, पण चांगली घेतली असती तरी त्या टेबलावर ती तुटलीच असती. म्हणून नंतरचे तीन महिने एकही हत्यार न घेता मी टेबलासाठी पैसे साठवले, आणि आज कोणी विचारले तर हाच क्रम सांगते.

आमच्या कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडून 40 मिलिमीटर रुंदीच्या आणि 5 मिलिमीटर जाडीच्या अँगलचा सांगाडा जोडून घेतला. लांबी साडेतीन फूट, रुंदी दोन फूट. वरची फळी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणली. ती कुठल्याशा जुन्या दाराची सागवानी फळी आहे, दीड इंच जाड, आणि तिच्या एका कडेला अजून कोयंड्याच्या खिळ्यांची भोके आहेत. खालच्या आडव्या दांड्यांवर स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेले कडप्प्याचे दोन तुकडे ठेवले, जेणेकरून वजन तळाशी राहील, आणि मागची बाजू दोन अँकर फास्टनरनी भिंतीला आवळली. रंगासकट सगळे मिळून 6,400 रुपये झाले. इतके पैसे मी नंतर कोणत्याही एका हत्यारावर सहज घातलेले नाहीत, आणि इतके वसूलही कोणी केलेले नाहीत.

उंचीचा मात्र विचार करावा लागतो, आणि तो ग्रिलवाल्याकडे जाण्याआधी करावा लागतो. उभे राहून कानस चालवायची असेल तर पकडलेली वस्तू कोपराच्या उंचीवर यावी लागते. माझे कोपर जमिनीपासून 100 सेंटिमीटरवर आहे, व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यांत आवळून धरणारे हत्यार, 16 सेंटिमीटर उंच, म्हणून टेबल 84 सेंटिमीटरचे. पण बारीक करवत चालवताना बसून, पत्रा जवळजवळ छातीच्या उंचीवर, डोळ्यांपासून हातभर अंतरावर हवा असतो. नाहीतर मान मोडून येते. जवाहिरांचे टेबल त्यासाठी वेगळेच आणि बरेच उंच असते. आपल्याकडचा सोनार जमिनीवर बसून हीच गोष्ट साधतो. माझ्याकडे दोन टेबलांना जागा नव्हती. शेवटी घरातील जुना चौरंग टेबलावर ठेवून सी-क्लॅम्पने आवळला आणि त्याच्या पुढच्या कडेवर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेली लाकडी जीभ बसवली. काम झाले की चौरंग भिंतीला उभा. विकतच्या महागड्या जोडणीपेक्षा ही सोय मला अधिक आवडते, हे प्रामाणिकपणे सांगते. फक्त चौरंगाचे पाय खिळ्यांचे नसून सांध्यात बसवलेले असावेत.

आता व्हाइस, ज्याला पुस्तकी मराठीत शेगडा म्हणतात आणि दुकानात कोणीही तसे म्हणत नाही. माझा पहिला व्हाइस चार इंची, निळ्याशार रंगाचा आणि 1,100 रुपयांचा होता. आठ मिलिमीटरची पितळी सळई त्यात धरून हातोडीने वाकवत असताना सरकत्या जबड्याचा गळा तडकला, आणि अर्धा जबडा माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडला. तुटलेला भाग करडा आणि गुळाच्या ढेपेसारखा दाणेदार होता. दुकानदाराने तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि “मॅडम, व्हाइसवर हातोडी मारायची नसते” एवढे सांगून परत दिला. त्याचे म्हणणे निम्मे खरे होते. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि हे पापुद्रे धातूच्या आत आयत्या भेगांसारखे वागतात. दाब ते सहन करते, पण आघात आणि ताण सहन करत नाही. त्यापेक्षा एसजी आयर्न म्हणून जे ओतीव लोखंड मिळते त्यात हाच कार्बन गोळ्यांच्या रूपात असतो आणि ते तडकण्याआधी थोडे वाकते. ऐरणीचे काम कोणत्याच व्हाइसवर करू नये हे खरे, पण पितळी सळई वाकवणे म्हणजे काही ऐरणीचे काम नव्हे.

दुसरा व्हाइस मी हार्डवेअरच्या दुकानांच्या बोहरी आळीतून घेतला: जालंधरचा, एसजी आयर्नचा, चार इंची, 3,200 रुपये. या वेळी पारखून घेतला. जबडे निम्मे उघडून सरकता जबडा हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहिला. तो जाणवण्याइतका हलला तर व्हाइस परत ठेवावा. मग जबड्यांच्या डाव्या टोकाशी एक आणि उजव्या टोकाशी एक अशा कागदाच्या दोन पट्ट्या धरून हलकेच आवळले. दोन्ही पट्ट्या सारख्याच घट्ट बसल्या पाहिजेत. स्क्रूची मूठ उलट फिरवल्यावर जबडा लगेच मागे यायला हवा. पाव फेरा फुकट गेला तर चालते, त्याहून जास्त नको. बसवताना तो टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवला, मधोमध नव्हे, आणि स्थिर जबडा कडेच्या किंचित बाहेर ठेवला, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. व्हाइसच्या जबड्यांवर खाचा असतात आणि त्या मऊ धातूवर जशाच्या तशा उमटतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे टोपीसारखे वर घातले आहेत. चांदीसाठी त्यावर चामड्याची पट्टीही घालते. पाच वर्षांत या व्हाइसविषयी माझी एकच तक्रार आहे: मुठीचा दांडा खाली पडताना बोट चिमटते, आणि त्याला मी आता रबरी वायसर घातले आहेत.

टेबल आणि व्हाइस पक्के झाल्यावर बारीक करवतीचा खरा अनुभव आला. तिची धनुष्यासारखी चौकट 350 रुपयांना साधीच घेतली आणि ती अजून उत्तम चालते. पैसे घालायचे ते पात्यांवर. पाती डझनाने किंवा ग्रोसने, म्हणजे 144 च्या गड्डीने मिळतात, आणि त्यांचे क्रमांक नवख्याला बुचकळ्यात पाडतात, कारण शून्यांची संख्या वाढत जाते तसे पाते बारीक होत जाते. पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान दोन दात बसले पाहिजेत हा नियम लक्षात ठेवला की पुरते. मी बहुतेक 20 गेजच्या, म्हणजे 0.9 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर काम करते आणि त्याला दोन शून्यांचे पाते बरोबर बसते. स्वस्त गड्डीतील पाती पहिल्या दिवशी अकरा तुटली. पुढे झवेरी बाजारातून चौपट किमतीची जर्मन पाती आणली. त्यांतील एक पाते सहज दीड-दोन फूट रेषा कापते, म्हणून हिशेबाला तीच स्वस्त पडतात.

पाते लावायची पद्धत मात्र कोणत्याही किमतीच्या पात्याला सारखीच आहे. दात बाहेरच्या बाजूला आणि मुठीकडे तोंड केलेले असावेत, कारण ही करवत खाली ओढताना कापते. चौकटीची मूठ छातीशी आणि दुसरे टोक टेबलाच्या कडेला लावून चौकट किंचित दाबायची, त्या दबलेल्या स्थितीत पात्याचे दुसरे टोक आवळायचे आणि मग दाब सोडायचा. पात्याला नखाने टिचकी मारली की सतारीच्या तारेसारखा बारीक, स्वच्छ आवाज यायला हवा. तो बद आला तर पाते पहिल्याच वळणावर तुटणार. त्यावर मधमाश्यांचे मेण हलकेसे फिरवावे. कापताना पुढे ढकलू नये. चौकट उभी धरून फक्त वर-खाली करावी आणि वळणावर जागच्या जागी वर-खाली करत पत्रा फिरवावा. हे हाताला समजायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत फरशीवर पडलेले पात्याचे तुकडे अजूनही केरसुणीला सापडतात. बाल्कनीत अनवाणी येऊ नका, असा घरात नियम आहे.

कानशींबाबत मी थोडक्यात सांगते. रत्नागिरीत कारखाना असलेल्या जेके फाइल्सच्या तीन कानशी घेतल्या, आठ इंची अर्धगोल बास्टर्ड (भरड), सहा इंची चपटी सेकंड कट (मध्यम) आणि सहा इंची चपटी स्मूथ (बारीक), आणि जोडीला बारीक सुईकानशींचा बारा नगांचा संच. या बारांतील पाच-सहाच हातात येतात, पण सुट्या घेतल्या तर तेवढेच पैसे पडतात. कानस पुढे जाताना कापते. मागे येताना ती उचलावी, घासत आणू नये, कारण त्याने दात बोथट होतात. नवी कानस आधी पितळेला वापरावी आणि तिची धार थोडी उतरल्यावर लोखंडाला द्यावी, ही कारखान्यातली जुनी रीत घरातही पाळण्यासारखी आहे, उलट क्रम चालत नाही. शिसे किंवा ॲल्युमिनियम ज्या कानशीने घासले तिने चांदी कधीही घासू नये. त्यांचे कण चांदीला चिकटून राहतात आणि ती तापवली की तिला खड्डे पडतात. माझ्या कानशींच्या मुठींना त्यासाठी लाल आणि पांढरा धागा बांधलेला आहे.

ऐरण हा घरगुती कारागिराचा मोठा मोह असतो. बहुतेकांना कोणीतरी रुळाचा तुकडा आणायला सांगते. मलाही सांगितले, आणि जुन्या बाजारात रविवारी तो विकायला ठेवलेलाही पाहिला; परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्या विक्रेत्याकडे पावती असण्याची शक्यता नव्हती. त्याऐवजी भोसरीतील एका लेथच्या कारखान्यातून चार इंच व्यासाच्या शाफ्टचा चार इंच उंचीचा तुकडा दोन्ही तोंडे सपाट करून घेतला. साडेसहा किलो वजन, 600 रुपये. लहान कामाला तो भरपूर आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी दार वाजवले. तक्रार रास्त होती, कारण टेबल भिंतीला आवळलेले असल्याने ठोका थेट त्यांच्या भिंतीत उतरत होता. म्हणजे जी गोष्ट करवतीला सोयीची तीच हातोडीला गैरसोयीची ठरली. आता ठोकाठोक टेबलावर होतच नाही. जमिनीवर टायरच्या रबराचा जाड तुकडा, त्यावर वाळू भरलेली कॅनव्हासची पिशवी, त्यावर तो शाफ्टचा तुकडा आणि मी पाटावर, अशी मांडणी असते, आणि वेळ सकाळी अकरा ते एक. त्या वेळात काका बँकेत आणि भाजीला जातात.

हातोडीविषयी मला जे काही कळले ते कसब्यातील तांबट आळीत. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती आणि तिथले मठारकाम, म्हणजे भांड्याच्या अंगावर ठोक्यांची एकसारखी नक्षी उमटवत धातू घट्ट करण्याची कला, पुण्यात अनेकांनी पाहिलेली असते. मी मात्र कलेपेक्षा हातोड्यांच्या तोंडाकडे पाहत बसले होते. ती आरशासारखी होती. हातोडीच्या तोंडावर जो ओरखडा असेल तो प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर छापला जातो, ही इतकी उघड गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. घरी येऊन माझ्या 200 ग्रॅमच्या बॉलपीन, म्हणजे एक टोक चपटे आणि एक गोल असलेल्या हातोडीचे तोंड आधी 220, मग 400, 800 आणि 1200 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासले आणि शेवटी कापडावर पॉलिशचा मसाला लावून चकचकीत केले. तीन संध्याकाळी गेल्या. 180 रुपयांची ती हातोडी त्यानंतर हजारांच्या हातोडीसारखी वागू लागली. तिने खिळे ठोकायला घरात कोणालाही परवानगी नाही. पत्रा नुसता वाकवायचा असेल तर लाकडी मोगरी घ्यावी, तिने वळ उठत नाहीत.

पकडींमध्ये कापायची पक्कड आणि साधी पक्कड नाशिकच्या तापडियांची आहे, जी बहुधा प्रत्येक मराठी घरात कुठेतरी असतेच. तार वळवायला मात्र दाते नसलेल्या जबड्यांच्या, एक चपटी आणि एक गोल, अशा दोन वेगळ्या लागतात. वायरमनच्या पकडीने वळलेल्या कडीवर उंदराने कुरतडल्यासारख्या खुणा राहतात.

यापुढचा भाग उष्णतेचा, आणि तिथे घाई करू नये. मी पहिले वर्षभर फक्त कापणे, घासणे, रिव्हेट मारणे (खिळ्याचे टोक ठोकून तुकडे जोडणे) एवढेच केले आणि त्याचा मला फायदा झाला असे वाटते. मग ब्यूटेनच्या डब्यावर बसणारा हातातला टॉर्च घेतला. कर्णफुलांना आणि चांदीच्या कड्यांना तो पुरतो, परंतु तळहातापेक्षा मोठ्या तांब्याच्या तुकड्याला तो पुरत नाही. गॅस कमी तापतो असे नाही. तांब्याची उष्णतावाहकता पितळेच्या तिपटीहून अधिक असल्यामुळे एका जागी दिलेली उष्णता ते लगेच सगळीकडे वाटून टाकते. मी वर्गात हे वीस वर्षे शिकवले आणि बाल्कनीत पाऊण तास ज्योत धरून बसल्यावर मला ते आठवले. उपाय दोन: खाली आणि मागे भट्टीच्या पांढऱ्या, सच्छिद्र विटा लावून उष्णता कोंडावी, किंवा पाच किलोच्या लहान सिलिंडरवर चालणारा मोठा टॉर्च घ्यावा. मी विटांवर भागवले. स्वयंपाकाचा 14.2 किलोचा सिलिंडर अशा कामाला लावू नये. तो घरगुती स्वयंपाकासाठीच दिलेला असतो, आणि बंदिस्त बाल्कनीत तर त्याचा विचारही नको. माझी बाल्कनी तीन बाजूंनी उघडी आहे.

झाळ घेताना मात्र चौकशी करावीच लागते. दोन तुकडे जोडायला चांदी, तांबे आणि जस्त यांची जी मिश्र झाळ वापरतात तिचा एक स्वस्त आणि सहज वितळणारा प्रकार कॅडमियमचा असतो. सोन्याच्या दागिन्यांत केडीएम म्हणून जी ओळखली जाई आणि आरोग्याच्या कारणाने जी मागे पडली, ती हीच कॅडमियमची भानगड. तिची वाफ फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे आणि घरात तिला जागा नाही. मी 56 टक्के चांदीची, कॅडमियमविरहित तार मागते. ती साधारण 650 अंश सेल्सिअसला वितळते. मागताना “कॅडमियम-फ्री” हे शब्द स्पष्ट उच्चारावेत आणि पाकिटावर ते छापलेले पाहावेत, कारण “चालेल मॅडम, सगळे हीच नेतात” हे उत्तर मला दोन दुकानांत मिळाले आहे. पितळ तापवताना पांढरा धूर दिसला तर ज्योत लगेच काढावी; ते पितळेतील जस्त उडून जात असते. जस्ताचा मुलामा असलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा तर तापवूच नये.

सांध्याला लावायला टाकणखार पाण्यात वाटून त्याची पातळ पेस्ट करते. सांधा जुळलेला नसेल तर झाळ भरून येत नाही, हे प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येक जण स्वतःच्या चुकीने शिकतो: दोन कडा उजेडासमोर धरल्या असता प्रकाश पलीकडून दिसता कामा नये. मग आधी पूर्ण तुकडा तापवायचा. टाकणखार फुगतो, पॉपकॉर्नसारखा उड्या मारतो, पुन्हा बसतो, काचेसारखा पाणीदार होतो, आणि त्यानंतर क्षणभराने झाळेचा तो लहानसा तुकडा गोळी होऊन एकाएकी सांध्याच्या रेषेत धावतो. ती चमकती रेषा दिसली की ज्योत बाजूला. धावते ती उष्णतेकडे, म्हणून झाळेवर ज्योत धरून उपयोग नसतो. समईच्या जाड दांडीला तिची पातळ तबकडी जोडताना ज्योत बहुतेक वेळ दांडीवरच ठेवावी लागते, नाहीतर तबकडी आधी लाल होऊन वाकते. एक समई मी अशी वाकवली आहे, आणि ती ज्यांची होती त्यांनी ती सौजन्याने परत नेली.

काळवंडलेला तुकडा स्वच्छ करायला बाजारात आम्ले सुचवतात. घरात मी किराणा दुकानातले लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, कोमट पाण्यात विरघळवून वापरते. पंधरा-वीस मिनिटांत काम होते. त्या भांड्यात लोखंडी चिमटा बुडवला तर विरघळलेले तांबे चांदीवर गुलाबी थर होऊन बसते, म्हणून चिमटा तांब्याचा किंवा बांबूचा. भांडे अर्थातच स्वयंपाकघरात परत जात नाही. ठोकून कडक झालेले तांबे मऊ करण्यासाठी ते मंद लाल होईपर्यंत तापवून सरळ पाण्यात टाकते. पोलाद असे केल्यावर कडक होते आणि तांबे मऊ राहते, याचे माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

मोजमापाला महागडे काही लागत नाही. 0.02 मिलिमीटरपर्यंत वाचणारा साधा व्हर्नियर 900 रुपयांना घेतला आणि डिजिटल घेतला नाही, कारण डिजिटलची बॅटरी नेमकी रविवारी संपते. डोळ्यांचा चष्मा, म्हणजे कामाचा पारदर्शक बंद चष्मा, 150 रुपयांत मिळतो आणि तो हातोडीच्या आधी घ्यावा.

ड्रिलविषयी एक सूचना द्यायलाच हवी. पितळेत साधे बिट पुढे ओढले जाते, एकदम अडकते आणि पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरवते. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण त्याचीच आहे. पितळेसाठी ठेवलेल्या बिटांची पुढची कापणारी धार धारेच्या दगडावर दोन-तीनदा घासून किंचित सपाट करावी, म्हणजे ते खरवडत उतरते, रुतत नाही. आणि पत्रा कितीही लहान असला तरी हाताने न धरता लाकडाच्या तुकड्यावर आवळून धरावा.

खरेदी कुठे करावी, याविषयी माझे मत अनुभवाने बदलत गेले आहे. व्हाइस, कानशी, हातोडी, पकडी या गोष्टी हातात घेऊन पाहायच्या असतात, त्यासाठी बोहरी आळीसारखी जागा पुण्यात दुसरी नाही. सकाळी साडेअकराच्या सुमारास जावे, दुकानदारांना तेव्हा बोलायला वेळ असतो. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट आहेच. करवतीची पाती, झाळ, तार ओढायचे जंतर ही सोनारकामाची सामग्री झवेरी बाजारात जितकी मिळते तितकी पुण्यात मला मिळालेली नाही, म्हणून वर्षातून एकदा डेक्कन क्वीनने जाऊन येते. पत्रा वजनावर मिळतो. 20 गेजचा, एक फूट लांब आणि एक फूट रुंद तांब्याचा पत्रा साधारण पाऊण किलो भरतो, हे आधी ठाऊक असले की दुकानात तोंडचे पाणी पळत नाही. लहान कामाला कातरण मागावे. ते भंगाराच्या आणि नव्या पत्र्याच्या भावांच्या मधल्या कुठल्यातरी भावाने मिळते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशिबाने हत्यारे सापडतात, आणि माझी सर्वांत लाडकी पत्र्याची कात्री तिथलीच आहे, 120 रुपयांची, पण तिथे ठरवून काही मिळत नाही.

टांगती मोटर, म्हणजे वर हूकला लटकवलेली मोटर आणि तिच्यातून निघालेला लवचीक शाफ्ट, ही मी पाचव्या वर्षी 4,800 रुपयांना घेतली. पॉलिशचे काम तिने चौथाईवर आणले. ती पहिल्याच वर्षी घेतली असती तर कानस चालवायला मी शिकलेच नसते, असा माझा दाट संशय आहे. पायातल्या पॅडलवर वेग राखणे सोपे आहे. कठीण आहे ते धूळ आवरणे, त्यासाठी मास्क आणि केस बांधलेले, दोन्ही हवेत.

आता विचार चालू आहे तो हाताने फिरवायच्या लहान रोलिंग मिलचा, ज्यात तार आणि पत्रा दाबून पातळ करता येतो. झवेरी बाजारात दोन पाहून आले. दोन्ही इतक्या जड की एकटीला उचलवल्या नाहीत. तिची मूठ फिरवताना सगळा जोर टेबलावर येतो, म्हणून तिला पायाच्या बरोबर वर, भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवावे लागणार. तसा कोपरा माझ्या टेबलाला एकच आहे, आणि तिथे व्हाइस बसलेला आहे.